दुपारचे दात

माझा मामा दात करतो. काढत नाही, करतो. काढणारे डॉक्टर वेगळे. ते माणसाच्या तोंडाचा साचा घेतात, तो साचा आमच्याकडे येतो, आणि मामा त्यावर पोर्सिलेनची ओली पूड ब्रशने थर देत देत चढवतो, भट्टीत भाजतो आणि दात तयार करतो. आमच्या भागात निम्मे लोक त्याच्या दातांनी खातात. रस्त्याने जाताना कोणी हसलं की मामा आधी दात बघतो आणि तो आपला निघाला तर मला कोपराने ढोसतो. माणसाचं नाव त्याला ठाऊक नसतं. "वरचा डावा सुळा," म्हणतो. "जरा वाकडा ठेवला होता. आधीचा वाकडाच होता, बायकोला सरळ आवडला नसता." दहा-बारा वर्षांपूर्वीचा दात असतो तो. तर मामाची स्मरणशक्ती ही अशी, हे आधीच सांगून ठेवते.

कामाची खोली घराच्या मागच्या बाजूला आहे. खिडकीखाली लांब टेबल, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून बसलेले, आणि कोपऱ्यात पिठाच्या डब्याएवढी भट्टी. मी तिथे मामाच्या हाताखाली काम करते. मेण लावते, साचे घासते, आणि जेवणाच्या आधीच तयार दात घेऊन दवाखान्यांच्या फेरीला निघते, ती उन्हं कलल्यावर परत येते. माझं डोकं चटकन तापतं म्हणून मामा मला ठिणगी म्हणतो. भट्टीला तापायला निदान वेळ तरी लागतो, असं मामीचं म्हणणं.

या भट्टीची एक खोड आहे. आतली उष्णता मोजणारी तार म्हातारी झाली आहे आणि ती खऱ्यापेक्षा वीस अंश कमी सांगते. खोटं बोलते, पण रोज तेवढंच खोटं बोलते, त्यामुळे आमचं तिच्याशी जमतं. भट्टी कॉम्प्युटरवर चालते. तार येते साबणाच्या वडीएवढ्या एका डबीत, आणि डबीची वायर जाते कॉम्प्युटरमध्ये. पडद्यावर 'दुरुस्ती' असा एक रकाना आहे. त्यात वीस लिहिले की तारेचं खोटं भरून निघतं. तिथे शून्य असलं तर भट्टीला वाटतं की अजून तापायचं बाकी आहे, आणि ती तापतच राहते. मग दाताच्या कडा वितळतात आणि तो चोखलेल्या गोळीसारखा गुळगुळीत होऊन बाहेर येतो. असला दात बसवला तर माणूस हसायचं सोडून देईल.

जुना कॉम्प्युटर घरघर करत एके दिवशी कायमचा बसला, तेव्हा मामाच्या मुलाने नवा आणून दिला. हा माझा मामेभाऊ दूर नोकरीला असतो. आला, सगळं जोडलं, वीसचा आकडा मामाच्या हातूनच टाकून घेतला आणि 'आता डोळे मिटून काम करा बाबा' असं सांगून गेला. उंटावरचा शहाणा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या आमच्याकडे काम देणाऱ्यांत सगळ्यात जुन्या. "काका, हे समोरचे दोन दात तुम्हीच केलेत ना?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, खरंच शंका आल्यासारखं. मामाला आजवर कोणी हे विचारलं नव्हतं. दात परत आले, मामाने ते खिडकीत धरून पुन्हा पुन्हा बघितले. कडा गोल झाल्या होत्या. पडद्यावर बघितलं तर दुरुस्तीच्या रकान्यात वीस. अगदी ठणठणीत वीस.

मग आम्ही सगळ्यांवर संशय घेतला. आधी पुडीवर. पूड विकणाऱ्याशी मी फोनवर अशी काही भांडले की अजूनही तो 'मामांना द्या' एवढंच म्हणतो. नवी पूड आली, दात पुन्हा बिघडले. मग विजेचा दाब वरखाली होत असेल म्हणून एक जाडजूड खोकं आणून जोडलं. ते रात्रंदिवस गुणगुणायचं, बाकी काही नाही. मग तार काढून पुसली, डबी उघडून फुंकर मारली. काही दात झकास यायचे, काही वितळायचे. तीच पूड, तोच हात, तीच भट्टी. हळूहळू एवढंच ध्यानात आलं की सकाळी भाजलेले चांगले येतात आणि बिघडतात ते दुपारचे. हे कळल्यावर तर आम्ही जास्तच चक्रावलो. आम्ही दुपारचं काय वाकडं केलं होतं?

एका संध्याकाळी मी फेरीवरून आले तर मामा भट्टी बंद करून नुसता बसला होता.

"शून्य होतं गं," तो म्हणाला.

"कुठे?"

"दुरुस्तीत. दुपारी भट्टी लावायच्या आधी सहज बघितलं. सकाळी वीस होते, मी स्वतः बघितले होते. दुपारी शून्य."

"मग कोणी केलं?"

"मीच केलं असणार. खोलीत दुसरं कोण असतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरू केल्या केल्या मी रकाना बघितला. वीस. मामाने मामीला हाक मारून दाखवलं, "हे बघ, आता आहेत, काल नव्हते." मामीने पदराला हात पुसत पडद्याकडे बघितलं, मग मामाकडे. "आहेत की हो," ती म्हणाली. इतक्या मऊ आवाजात की मी वळून तिच्याकडे बघितलं. मामी मऊ बोलणाऱ्यातली नाही. ती हाक मारते तेव्हा शेजारचे दार उघडतात.

या मऊ आवाजाचं कारण होतं थोरला मामा. मामाचा मोठा भाऊ. त्याचं असंच सुरू झालं होतं. कुंड्यांना पाणी घालायचा, थोड्या वेळाने पुन्हा घालायचा, आणि कोणी टोकलं की शपथेवर सांगायचा की मी आज झाडांकडे फिरकलोच नाही. आता तो माझ्या मामाला 'साहेब' म्हणतो आणि आपल्याच घरात बसून घरी कधी सोडणार ते विचारतो. मामा त्याला भेटून आला की त्या दिवशी जेवत नाही.

आता मामाला वाटायला लागलं की आपलीही पाळी आली. सकाळी आपणच वीस टाकतो, दुपारी आपणच पुसतो, आणि दोन्हीतलं काहीच आपल्याला आठवत नाही. मी वैतागून म्हटलं, "अरे, मग दर वेळी भट्टी लावताना बघत जा ना! शून्य असलं तर वीस टाक. विषय संपला." मामा माझ्यावर कधी चिडत नाही, तेव्हाही चिडला नाही. "ते करतोच आहे," म्हणाला. "आकडा दिसतो म्हणून टाकता येतो. पण ठिणगे, मी दिवसभरात आणखी काय काय करतो आणि विसरतो, ते कुठे बघू? त्याचा रकाना कुठे आहे?"



दात बिघडायचे थांबले, कारण मामा आता दर वेळी आकडा तपासायचा. पण शून्य यायचं थांबलं नाही. एक दिवस यायचं, दोन दिवस यायचं, मध्येच एखाद्या दिवशी यायचं नाही. ज्या दिवशी यायचं नाही त्या दिवशी तर मामा जास्तच घाबरायचा. मामी गॅस स्वतः बंद करायला लागली. बाजारात मामाला एकट्याला पाठवेनाशी झाली. काहीतरी निमित्त काढून मला बरोबर धाडायची, आणि मामाला ते कळायचं. तो मुकाट्याने माझ्याबरोबर यायचा. मला सगळं काम भराभर शिकवायला लागला. रंग कसा लावायचा, ब्रश कुठपर्यंत ओला ठेवायचा, म्हाताऱ्याच्या दाताला किती पिवळेपणा द्यायचा. माझं चुकलं की घाई करायचा. "लवकर शिक," म्हणायचा. मला वाटायचं याचं डोकं फिरलंय, आणि असं वाटलं की लगेच आपल्याच मनाची लाज वाटायची.

शेवटी त्याने डॉक्टरीणबाईंना फोन केला. मी तिथेच होते. तो म्हणाला, "डॉक्टर, ते दात बिघडले, ती माझीच चूक होती. माझं डोकं आता राहत नाही. माफ करा. हातातलं तेवढं पुरं करतो आणि थांबतो." पलीकडून बाई बरंच काही बोलत होत्या. मामा नुसतं "हो, हो" म्हणत राहिला आणि फोन ठेवून ब्रश धुवायला गेला.

त्याच सुमारास मामी तिच्या बहिणीकडे गेली. बहिणीचा पाय मुरगळला होता. मामी नव्हती तेवढे दिवस मामा कामाच्या नादात दुपारचं जेवण विसरायचा, चार वाजता बिस्किटं खायचा. आणि तेवढे दिवस रकान्यात शून्य एकदाही आलं नाही. सकाळी वीस, दुपारी वीस, संध्याकाळी वीस. मामाच्या चेहऱ्यावर जरा तेज आलं. मामी परत आली आणि दुसऱ्याच दुपारी शून्य.

"मामी नसली की तुझं डोकं ठिकाणावर असतं," मी मामाला म्हटलं. गंमत केली होती. मामी दारात उभी आहे हे मला दिसलंच नाही.

मामी आत आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज आता मऊ नव्हता. "मी काय करते ते तरी सांग! बारीकसारीक सगळं बघते, हातात ताट देते, गोळ्या देते. माझ्यामुळे होतंय होय यांना?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मग कसं म्हणायचं होतं?"

खरं सांगायचं तर मला काय म्हणायचं होतं ते मलाही माहीत नव्हतं. मामी नसली तर वीस, असली तर शून्य. यात काहीतरी पाणी मुरत होतं, पण कुठे ते कळेना. मी म्हटलं, "उद्या मी फेरीला जात नाही. दिवसभर मामाशेजारी बसते."

दुसऱ्या दिवशी मी स्टूल ओढून मामाला चिकटून बसले. सकाळी वीस. मधे दोनदा बघितलं, वीस. मामा एक दाढ चढवत होता, मी त्याच्या हातांवरची नजर काढली नाही. त्याने कीबोर्डला बोटही लावलं नाही. मग जेवणाची वेळ झाली. मामी आली, आम्हा दोघांच्या मधून हात घालून तिने कीबोर्डवरचं एक बटण दाबलं, पडदा काळा झाला आणि ती म्हणाली, "चला, पानं वाढलीत." आम्ही गेलो, जेवलो. मामाने वरण दोनदा मागितलं. परत आलो, मामाने एक बटण दाबून पडदा जागा केला.

शून्य.

मामा माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. "तू होतीस ना?" तो म्हणाला. "मी हात लावला का? तू बघत होतीस ना?" मी बघत होते. पण क्षणभर मलाच वाटलं की मी झोपले असेन, मधेच उठून मीच पुसलं असेल, आमच्या घरात सगळ्यांनाच हे लागलं असेल. घाबरले मी, खोटं कशाला बोलू.

मग डोक्यात आलं की आम्ही दोघांनी हात लावला नाही, पण तिसऱ्या माणसाने लावला होता. मी मामीला हाक मारली. "मामी, मघाशी कोणतं बटण दाबलंस?"

"चंद्राचं," मामी म्हणाली. "का?"

नव्या कीबोर्डवर कोपऱ्यात चंद्रकोर काढलेलं एक बटण होतं. ते दाबलं की कॉम्प्युटर झोपतो. हे मामीला माझ्या मामेभावाने शिकवलं होतं. मामाला जेवायला बोलावणं म्हणजे दगडाला बोलावणं. पूर्वी मामी हाका मारून मारून दमायची. 'पडदा बंद केला की बाबा आपोआप उठतात' असं म्हणून मुलाने तिला हा उपाय दिला, आणि तिचं चांगलं चाललं होतं. दुपारच्या वेळी मी तिथे नसायचेच, त्यामुळे मला ठाऊक नव्हतं. मामाला ठाऊक होतं, पण पडदा काळा होणं म्हणजे जेवण, याच्यापुढे त्याने कधी विचारच केला नव्हता. आणि ज्या दिवशी शून्य यायचं नाही, त्या दिवशी मामी देवळा-दवाखान्याच्या कामाला बाहेर असायची किंवा मामा स्वतःहून उठलेला असायचा.

"टाक वीस," मी मामाला म्हटलं. त्याने टाकले. "मामी, दाब." मामीने घाबरत घाबरत चंद्र दाबला. पडदा काळा. मी जागा केला. शून्य. "पुन्हा." पुन्हा शून्य. तिसऱ्यांदा मामी बटण दाबायला तयार होईना. "मला नका लावू हात लावायला," म्हणून ती भिंतीला टेकली. मग मीच दाबलं. शून्यच आलं.

आम्ही मामेभावाला फोन लावला. त्याने आधी नेहमीप्रमाणे 'असं होऊच शकत नाही' म्हटलं. मग त्याने दुरून आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून बराच वेळ काहीतरी खुडबुड केली. माऊसचा बाण पडद्यावर आपोआप फिरत होता आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत होतो. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, "डबी विसरते."

झालं होतं ते असं. वीसचा आकडा राहतो त्या साबणाच्या वडीएवढ्या डबीत. कॉम्प्युटर झोपला की डबीची वीज जाते आणि ती सगळं विसरून कारखान्यातून आली तशी कोरी होते. सकाळी कॉम्प्युटर नव्याने सुरू होतो तेव्हा भट्टीचा प्रोग्राम डबीला सांगतो की वीस धर. झोपेतून उठल्यावर सांगत नाही, कारण त्याच्या मते सकाळीच सांगून झालंय. जुना कॉम्प्युटर कधी झोपतच नव्हता, म्हणून इतकी वर्षं हे कळलं नाही.

"मग उठल्यावर पुन्हा सांगायला लाव त्याला," मी म्हटलं.

त्याने लावलं. आम्ही चंद्र दाबला, पडदा जागा केला. शून्य. मामीने डोक्याला हात लावला. मामेभाऊ पुन्हा खुडबुडला. कळलं ते असं की कॉम्प्युटर उठल्या उठल्या सांगत होता आणि तेव्हा डबी अजून पुरती जागी झालेली नव्हती. मग त्याने सांगण्याआधी जरासं थांबायला लावलं.

"तुझ्यावरच गेलीय डबी," मामी फोनमध्ये ओरडली. "उठल्यावर अर्धा तास काही कानात शिरत नाही!"

आता चंद्र दाबला, जागं केलं, थांबलो. आधी शून्य दिसलं, आणि मग डोळ्यांदेखत त्याचे वीस झाले. मी टाळ्या वाजवल्या. मामी हसत होती, फोनवर मामेभाऊ हसत होता. "बाबा, तुमचं डोकं शाबूत आहे, डबीचं गेलंय!" असं काहीतरी तो म्हणाला.

मामा हसला नाही. मला वाटलं आनंदाने गप्प बसलाय. पण त्याचा चेहरा लाल झाला होता. त्याने माझ्या हातातला फोन घेतला, मुलाचा फोन कापला आणि डॉक्टरीणबाईंना लावला.

"डॉक्टर, मी बोलतोय. दात करणारा." मग त्याने डबीचं सगळं सांगितलं. अडखळत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत.

बाईंचा आवाज मला ऐकू येत होता. "म्हणजे काम बंद करत नाही ना, काका? बरं झालं. सुटले मी."

"नाही करत. पण डॉक्टर, मी वीस टाकले होते."

"हो, कळलं ना. मशीनचं असं होतं कधी कधी."

"पहिल्याच दिवशी टाकले होते, आणि पुसले नव्हते. मला आठवत होतं." मामाचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. "मी तुमची माफी मागितली होती, डोकं राहत नाही म्हणून. ती माफी मला परत घ्यायची आहे."

मग बाई म्हणाल्या, "घ्या काका. घेतली समजा."

मामाने फोन टेबलावर ठेवला. मामी अजून भिंतीपाशीच होती. तिचं हसणं कधीच थांबलं होतं. "मलाही म्हणाला होतात," ती म्हणाली. "माफ कर, आता तुला माझं सगळं करावं लागणार, म्हणून. त्या वेळी मी नुसती मान डोलावली. असं काही नाही, तुम्ही चांगले आहात, एवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही माझ्या. तुमचंही थोरल्या भावासारखं झालंय, हे मी धरूनच चालले होते हो."

"तू तरी काय करणार," मामा म्हणाला. "आठवत असून मीसुद्धा माझं खरं मानलं नाही."

एवढं बोलून त्याने टेबलावर डोकं टेकलं आणि तो रडायला लागला, अगदी मोठ्याने. मामी त्याच्याजवळ गेली आणि पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मला काय करावं ते कळेना, म्हणून मी एक साचा घेतला आणि घासत बसले.